सोने एकदाच, पाणी दरवर्षी

मध्य आशियातील किरगिझस्तान या डोंगराळ देशाने जुलै २०२२ मध्ये कुमतोर येथील सोन्याच्या खाणीची संपूर्ण मालकी आपल्या हाती घेतली. सेंटेरा या कॅनडातील कंपनीत किरगिझ सरकारचा सुमारे २६ टक्के हिस्सा होता. तो सोडून द्यायचा आणि त्याच्या बदल्यात सबंध खाण ताब्यात घ्यायची, असा हा सौदा होता. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२१ मध्ये, सरकारने विशेष कायदा करून खाणीचा कारभार आपल्याकडे घेतलाच होता. तीस वर्षे भिजत पडलेले घोंगडे अखेर निकालात निघाले, अशी भावना त्या देशात उमटली आणि ती स्वाभाविक होती. देशाची संपत्ती देशाच्या हाती असावी, या इच्छेला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु कुमतोरचा प्रश्न केवळ मालकीचा होता, अशी जर कोणाची समजूत असेल तर ती चुकीची आहे. खाण कोणाची, याचा निर्णय करारमदाराने होतो. खाण ज्या बर्फात आणि ज्या खडकात खोदली आहे, त्यांचे वर्तन करारमदाराने ठरत नाही. मालक बदलल्याने तेथील कड्यांचा ठिसूळपणा कमी झालेला नाही आणि हिमनद्यांचे वितळणेही थांबलेले नाही. म्हणून आता, मालकीचा वाद मिटल्यावर तरी, मूळ प्रश्नाकडे सरळ पाहिले पाहिजे.

पर्वताची घडण

कुमतोर हे तिएन शान पर्वतराजीत, इस्सिक-कुल या प्रसिद्ध सरोवराच्या दक्षिणेस, सुमारे ४,००० मीटर उंचीवर आहे. चीनची सरहद्द तेथून फार दूर नाही. खाणीचे वरचे कडे ४,४०० मीटरपर्यंत पोहोचतात. या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के असतो, आणि कामगारांना पंधरवड्याच्या पाळीने वर नेऊन पुन्हा खाली आणावे लागते. इतक्या दुर्गम जागी माणूस गेला तो अर्थातच सोन्यासाठी. हे सोने तेथे कसे आले, हे समजून घेतल्यावाचून पुढचा घोटाळा नीट कळत नाही.

तिएन शानचे खडक अतिप्राचीन आहेत. कुमतोरचे सोने ज्या काळपट, पापुद्रेदार, कार्बनयुक्त फिलाइट खडकांत सापडते, ते सुमारे ६० कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळावरील गाळापासून बनलेले आहेत. पुढे पुराजीव महाकल्पाच्या अखेरीस येथील समुद्र मिटले, भूखंडांचे तुकडे एकमेकांवर आदळले आणि खडक चिरडले जाऊन लांबच लांब प्रस्तरभंग निर्माण झाले. सुमारे २८ ते २९ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे पर्मियन कल्पात, या भेगांमधून खोलवरचे उष्ण द्राव वर आले आणि त्यांनी पायराइट, कार्बोनेट खनिजे आणि त्यांच्यासमवेत सोने मागे ठेवले. हे सोने डोळ्यांना दिसणारे नाही. पायराइटाच्या कणांत ते इतके सूक्ष्म विखुरलेले आहे की, खडक पिठासारखा दळून सायनाइडच्या द्रावात भिजवल्याशिवाय ते सुटत नाही.

मात्र आज तेथे दिसणारा उंच पर्वत या जुन्या घडामोडींचा नव्हे. तो जुना पर्वत झिजून केव्हाच सपाट झाला होता. त्याला पुन्हा उभे केले ते भारतीय भूपट्टाने. भारताचा भूखंड आशियावर आदळून हिमालय उभा राहिला, ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या धडकेचा दाब हिमालयापाशी संपला नाही. तो तिबेट ओलांडून, तारीम खोऱ्याच्या ताठ भूभागातून पुढे सरकत शेकडो कोसांवरच्या तिएन शानपर्यंत पोहोचला, आणि गेल्या दोन-अडीच कोटी वर्षांत त्याने ती जुनी झीज झालेली भूमी पुन्हा उचलून धरली. हा व्यापार अजून चालूच आहे. उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीवरून असे दिसते की, तिएन शानची रुंदी दरवर्षी सुमारे २ सेंटिमीटरने आवळली जात आहे. या सगळ्याचा अर्थ असा की, कुमतोरचा पर्वत हा स्थिर, निद्रिस्त पर्वत नाही. तो भूकंपप्रवण आहे, आणि ज्या भेगांनी सोने आणले त्याच भेगांनी तेथील खडक भुसभुशीत केला आहे. जुलै २००२ मध्ये खाणीचा कडा कोसळून एका कामगाराचा बळी गेला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये टाकाऊ खडकाचा ढीग घसरून दोन कामगार त्याखाली गडप झाले. या दोन्ही घटनांना केवळ दैवाचा घाला म्हणून सोडून देता येणार नाही. त्यांची बीजे त्या भूमीच्या स्वभावात आणि तेथे चालणाऱ्या कामाच्या पद्धतीत होती.

थंडीवर टेकलेली खाण

खडकाइतकाच महत्त्वाचा घटक म्हणजे हवामान. या परिसरात ३,६१४ मीटर उंचीवर १९३० साली हवामान-निरीक्षणाचे केंद्र स्थापन झाले. पर्वतीय प्रदेशात इतक्या उंचीवरील इतक्या दीर्घ काळाच्या नोंदी जगात विरळाच मिळतात. त्या नोंदींवरून तेथील सरासरी वार्षिक तापमान शून्याखाली सात-आठ अंश सेल्सिअस आहे. जानेवारीत ते उणे २० च्याही खाली जाते आणि ऐन जुलैतही सरासरी चार-पाच अंशांच्या वर चढत नाही. वर्षभराची वृष्टी सुमारे ३०० मिलिमीटर, म्हणजे मराठवाड्यातील एखाद्या दुष्काळी तालुक्यात पडणाऱ्या पावसापेक्षाही कमी. विशेष म्हणजे ही वृष्टी हिवाळ्यात न होता मुख्यत्वे मे ते सप्टेंबर या महिन्यांत होते.

ही शेवटची बाब वरकरणी किरकोळ वाटली तरी तीच निर्णायक आहे. युरोपातील आल्प्स पर्वतात हिमनद्यांना बर्फ मिळते ते हिवाळ्यात आणि त्या वितळतात उन्हाळ्यात. तिएन शानच्या अंतर्भागात मिळकत आणि खर्च हे दोन्ही एकाच ऋतूत घडतात. उन्हाळ्यात पडणारे ताजे, पांढरे हिम सूर्याचे किरण परतवून लावते आणि खालच्या बर्फाचे रक्षण करते. तापमान एक-दोन अंशांनी वाढले की हेच हिम पाऊस होऊन पडते. मग हिमनदीची मिळकतही घटते आणि तिचे संरक्षक आवरणही जाते. अशा दुहेरी तोट्यामुळे या हिमनद्या उष्णतेच्या वाढीला फार लवकर बळी पडतात. १९६१ ते २०१२ या अर्धशतकात तिएन शानमधील हिमनद्यांचे क्षेत्र सुमारे १८ टक्क्यांनी आणि त्यांच्यातील बर्फाचे वस्तुमान सुमारे २७ टक्क्यांनी घटले, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१५ साली मांडला.

खाण चालवणाऱ्यांच्या दृष्टीने ही थंडी शत्रूही होती आणि मित्रही. शत्रू अशासाठी की, तिच्यामुळे यंत्रे गोठतात आणि माणसे थकतात. मित्र अशासाठी की, कायमच्या गोठलेल्या जमिनीने खाणीचे कितीतरी काम फुकट केले. गोठलेला कडा ढासळत नाही आणि गोठलेल्या तळातून विषारी पाणी झिरपत नाही. सायनाइडने धुतलेला गाळ साठवण्यासाठी बांधलेले धरण हे अशाच गोठलेल्या भूमीवर उभे आहे. परंतु खाण सुरू होऊन दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच त्या धरणाची पायथ्याशी हालचाल होत असल्याचे आढळले, आणि त्याला माती-खडकाचा आधार देऊन सावरावे लागले. बर्फ हा सिमेंटचा पर्याय मानून बांधकाम करायचे आणि त्याच वेळी जगाचे तापमान वाढत असल्याचे पुरावे पुढे यायचे, असा हा विसंवाद आहे.

हिमनदीवरचा ढिगारा

कुमतोरच्या सोन्याचा शोध १९७८ साली, सोव्हिएत राजवटीत लागला. पुढील दशकभर तेथे कसून पाहणी झाली. तथापि एवढ्या उंचीवर, हिमनदीच्या कुशीत खाण चालवणे त्या राजवटीच्या हातून झाले नाही. सोव्हिएत संघराज्य कोसळले, किरगिझस्तान स्वतंत्र झाला, तिजोरी रिकामी पडली आणि १९९२ च्या डिसेंबरात कॅमेको या कॅनडातील कंपनीशी करार झाला. १९९७ पासून व्यापारी उत्पादन सुरू झाले. २०२० अखेरपर्यंत या एका खाणीतून १ कोटी ३० लाख औंसांहून अधिक, म्हणजे सुमारे ४०० टन सोने निघाले.

हे सोने मिळवण्यासाठी प्रथम बर्फ उपसावे लागले. दाविदोव्ह आणि लिसी या दोन हिमनद्या खाणीच्या वाटेत होत्या. त्यांचे लचके तोडले गेले. आणि खाणीतून निघालेला टाकाऊ खडक वाहून नेण्याचा खर्च वाचावा म्हणून तो हिमनद्यांच्याच अंगावर ओतला गेला. हिमनदी ही अत्यंत मंद गतीने का होईना, वाहणारी वस्तू आहे. तिच्या पाठीवर अवजड खडकांचे डोंगर रचले की ती दबते आणि पुढे सरकू लागते. या दोन हिमनद्या खडकाच्या भाराने झपाट्याने पुढे सरकल्या, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात दाखवण्यात आले. चहूकडच्या हिमनद्या मागे हटत असताना या दोनच तेवढ्या पुढे आल्या, यातच सर्व काही आले. त्याची किंमत खुद्द खाणीलाही मोजावी लागली. २०१२ साली बर्फ आणि खडक खाणीच्या दिशेने सरकू लागल्यामुळे उत्पादन मोठ्या प्रमाणावर कमी करावे लागले. त्या वर्षी किरगिझस्तानची अर्थव्यवस्था वाढण्याऐवजी किंचित आक्रसली. एका हिमनदीच्या सरकण्याने एका राष्ट्राचे अंदाजपत्रक डळमळावे, ही घटना एरवी कादंबरीत शोभली असती.

येथे एका गोष्टीचा निवाडा निःपक्षपातीपणे केला पाहिजे. खाणीच्या विरोधकांपैकी काहींनी असे चित्र रंगवले की, या खाणीमुळे मध्य आशियाचे पाणी आटणार. हे खरे नाही. खाणीजवळून वाहणारी कुमतोर नदी पुढे नारीन नदीला मिळते आणि नारीनपासून सीर दर्या घडते, हे खरे; पण नारीनच्या एकंदर प्रवाहात या दोन हिमनद्यांचा वाटा अल्प आहे. तिएन शानच्या हजारो हिमनद्या घटत आहेत त्या खाणीमुळे नव्हे, तर साऱ्या जगाने हवेत सोडलेल्या धुरामुळे. तेव्हा पाण्याच्या राशीपुरते बोलायचे, तर कुमतोरवर ठेवलेला आरोप अतिरंजित आहे.

परंतु याने खाणीची सुटका होत नाही. धोका पाण्याच्या राशीला नसून त्याच्या शुद्धतेला आहे. गाळाच्या तलावाच्या वरच्या अंगाला काही किलोमीटरवर पेत्रोव्ह सरोवर आहे. हिमनदी मागे हटत गेली तसतसे ते फुगत गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे क्षेत्र १ चौरस किलोमीटरच्या आसपास होते, ते आता सुमारे ४ चौरस किलोमीटर झाले आहे. हे पाणी अडवून धरणारा बांध माणसाने बांधलेला नाही. तो हिमोढाचा, म्हणजे हिमनदीने लोटत आणलेल्या दगडमातीचा आहे आणि त्याच्या पोटात बर्फ दडलेले आहे. ते बर्फ वितळले किंवा भूकंपाने बांधाला तडा गेला, तर सरोवराचा लोंढा गाळाच्या तलावाच्या रोखाने येईल. मग सायनाइडचे अवशेष आणि जड धातू असलेला तो गाळ नारीनमध्ये, आणि तेथून तोक्तोगुलच्या विशाल जलाशयाच्या दिशेने जाऊ शकेल. या जलाशयावर किरगिझस्तानची वीज अवलंबून आहे, आणि त्याखालील पाण्यावर उझबेकिस्तान व कझाकस्तान यांची शेती.

हे भय काल्पनिक आहे असे मानणाऱ्यांनी सिक्कीमकडे पाहावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण ल्होनाक या हिमसरोवराचा असाच बांध फुटला आणि तीस्तेच्या लोंढ्याने चुंगथांग येथील जलविद्युत प्रकल्पाचे धरण पाहता पाहता वाहून नेले. तेथे वाटेत सायनाइडचा गाळ नव्हता, एवढाच काय तो फरक. विषाची चुणूक तर किरगिझस्तानने स्वतःच अनुभवली आहे. मे १९९८ मध्ये खाणीकडे जाणारा एक ट्रक पुलावरून बारस्कून नदीत कोसळला आणि सुमारे १,७६२ किलो सोडियम सायनाइड पाण्यात मिसळले. हजारो लोकांना वैद्यकीय उपचार घ्यावे लागले. त्यात मृत्यू किती झाले यावर आजवर वाद आहे. पण त्या गावांचा खाणीवरचा विश्वास उडाला तो कायमचा, यावर वाद नाही. मे २०१३ मध्ये त्याच परिसरात निदर्शकांनी रस्ता अडवला, खाणीची वीज तोडली आणि सरकारला आणीबाणी पुकारावी लागली, ती याच अविश्वासाची परिणती होती.

कुंपण आणि शेत

खाणीच्या समर्थकांचेही म्हणणे लक्षात घेतले पाहिजे. ज्या देशाकडे तेल नाही, समुद्र नाही, मोठे उद्योग नाहीत, ज्याचे लाखो तरुण पोटासाठी रशियात मोलमजुरी करतात, त्या देशाने हातातील सोन्याकडे पाठ फिरवावी, असा उपदेश पोट भरलेल्यांनी करणे शोभत नाही. चांगल्या वर्षांत राष्ट्रीय उत्पन्नाचा सुमारे दहावा हिस्सा या एकट्या खाणीने दिला आहे. तेव्हा खाण हवी की नको, असा टोकाचा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ती कोणत्या शर्तींवर आणि कोणाच्या देखरेखीखाली चालावी, हाच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला किरगिझस्तानच्या कायद्याने एकेकाळी बरे उत्तर दिले होते. २००५ च्या जलसंहितेने हिमनद्यांचे वितळणे वाढवणाऱ्या कृत्यांना मनाई केली होती. पण कायदा आणि खाण यांचा सामना झाला, तेव्हा माघार कायद्याने घेतली. २०१७ साली संहितेत दुरुस्ती होऊन कुमतोरपुरता अपवाद करण्यात आला. त्या वेळी परदेशी कंपनी मालक होती आणि सरकारकडे निदान नावापुरती का होईना, पहारेकऱ्याची भूमिका होती. आता मालक आणि पहारेकरी एकच आहेत. कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न राष्ट्रीयीकरणाच्या जल्लोषात कोणी फारसा विचारला नाही. परदेशी कंपनीविरुद्ध निदर्शने करणे हे देशप्रेम ठरते. तीच निदर्शने सरकारी खाणीविरुद्ध केली, तर तो देशद्रोह ठरण्याचा संभव असतो.

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात हाच पेच वेगळ्या रीतीने सोडवण्याचा प्रयत्न झाला. अर्जेंटिनाने २०१० साली हिमनद्यांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला आणि खाण कंपनीने त्याला दिलेले आव्हान तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली फेटाळले. चिलीमध्ये पास्कुआ-लामा हा हिमनद्यांच्या सान्निध्यातील सोन्याचा प्रकल्प पर्यावरण न्यायालयाने २०२० साली कायमचा बंद करण्याचा आदेश दिला. हे देश संत-महात्म्यांचे आहेत असे नव्हे. तेथेही सोन्याचा मोह आहेच. परंतु खाणवाला, सरकार आणि न्यायासन ही तीन स्थाने निराळी राहिली, म्हणून हिमनदीच्या बाजूने बोलायला कोणीतरी उरले.

किरगिझस्तानने आता कोणती पावले टाकावीत, हे सांगण्यासाठी मोठ्या पांडित्याची गरज नाही. पेत्रोव्ह सरोवराची पातळी नियंत्रितपणे खाली आणणे आणि ती तशी राखणे, हे पहिले काम. गाळाच्या धरणाची हालचाल, जमिनीखालचे तापमान आणि नदीच्या पाण्यातील विषद्रव्ये यांच्या नोंदी नियमाने प्रसिद्ध करणे, आणि त्या घेण्याचे काम खाणीच्या नव्हे तर स्वतंत्र यंत्रणेच्या हाती देणे, हे दुसरे. तिएन शानचे ते जुने निरीक्षण केंद्र गेल्या शतकाच्या अखेरीस मूळ जागेवरून हलवले गेले आणि त्यामुळे जुन्या व नव्या नोंदींची तुलना करणे अवघड झाले. ज्या भूमीवर संकट येऊ घातले आहे, तिची नाडी मोजणारे साधनच असे विस्कळीत होणे परवडणारे नाही. तिसरे आणि सर्वांत कठीण काम म्हणजे खाण बंद झाल्यानंतरची तरतूद. सोने संपेल तेव्हा गाळ संपणार नाही. त्याची राखण शतकानुशतके करावी लागेल, आणि ती करण्यासाठी लागणारा पैसा खाण कमावती आहे तोवरच बाजूला ठेवला पाहिजे. तो निधी अंदाजपत्रकातील तूट भरून काढण्यासाठी कोणत्याही सरकारला उचलता येणार नाही, असे बंधन कायद्याने घातले पाहिजे. आणि सर्वांत शेवटी, जलसंहितेतील तो अपवाद रद्द झाला पाहिजे. कारण उद्या दुसऱ्या एखाद्या हिमनदीखाली सोने सापडले, तर आजचा अपवाद हाच उद्याचा नियम होईल.

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे हिमनद्यांच्या संरक्षणाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. अशी वर्षे येतात आणि जातात. पण तिएन शानच्या बाबतीत हिशेब अगदी साधा आहे. पर्मियन कल्पात जमलेले सोने एकदाच काढता येते, आणि ते कुमतोरमध्ये बहुतांशी काढून झाले आहे. हिमनद्यांचे पाणी मात्र शतकानुशतके दर उन्हाळ्यात खाली आले आणि त्यावर सीर दर्याच्या काठची वस्ती जगली. पहिल्याची विक्री करून राष्ट्राने आपली अडचण भागवली, याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. परंतु त्या विक्रीचा कचरा दुसऱ्याच्या उगमावर ठेवून निर्धास्त राहण्याचा अधिकार जुन्या कॅनेडियन मालकाला नव्हता, तसाच तो नव्या किरगिझ मालकालाही नाही.